बॉनेटला हार, बिजागरीला गंज

दसरा आला की आमच्या मुलुंडच्या गल्लीतल्या सगळ्या गाड्या दोन दिवस नवरदेवासारख्या दिसतात. रिक्षा, टेम्पो, छोटा हत्ती, शाळेच्या बसेस, बुलेटवाल्यांच्या बुलेटी... सगळ्यांच्या नाकावर झेंडूचा हार, त्यात आंब्याची पानं, बॉनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक आणि चाकाखाली लिंबू. मला हे सगळं आवडतं. आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं वाचून कुणीतरी मला नास्तिक-बिस्तिक ठरवेल. ज्या हत्यारावर आपलं पोट चालतं त्याला वर्षातून एकदा हात जोडावेत, यासारखी शहाणी प्रथा नाही. माझं भांडण प्रथेशी नाही. माझं भांडण आहे ते ती जिथे थांबते त्या जागेशी. ती बॉनेटच्या पत्र्यावर थांबते. पत्र्याखाली जात नाही.

तर यंदा खंडेनवमीच्या संध्याकाळी मी जरा आगाऊपणा केला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मालवाहू पिकअप ओळीने उभ्या असतात. मंडळी पाण्याचे पाइप घेऊन गाड्या धुवत होती. मी एकेकाला विचारत सुटलो, "दादा, बॉनेटच्या बिजागरीला शेवटचं तेल कधी घातलं?" पहिल्याला वाटलं मी चेष्टा करतोय. दुसऱ्याने दार उघडून दाराची बिजागरी दाखवली. तिसरा म्हणाला, "ते मिस्त्री बघतो ना!" चौथ्याच्या बॉनेटला पुढून सुतळी बांधलेली होती आणि हार अडकवायला आयतीच सोय म्हणून त्याने तो त्या सुतळीलाच बांधला होता.

मी त्या सुतळीकडे बघत उभा राहिलो. ती सुतळी माझ्या चांगल्या ओळखीची आहे. फक्त आमच्या गाडीला ती सुतळी नव्हती, तार होती. आणि ती मी स्वतः बांधली होती.

आमचा घाटकोपरला मंडप-डेकोरेशनचा छोटा धंदा आहे. बाबांनी सुरू केला, आता मी आणि धाकटा भाऊ बघतो (म्हणजे खरं तर भाऊच बघतो, मी नोकरी सांभाळून हिशेबात नाक खुपसतो). सामानाचं गोडाऊन मुलुंडला. खुर्च्या, पडदे, कमानी, पंखे वाहायला एक जुनी पिकअप. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, कारण जे झालं त्यात दोष कंपनीचा नव्हताच. गाडी बाबांच्या वेळेपासून जे काका चालवायचे, तेच तेव्हाही चालवत होते. मला ते दादा म्हणतात, मी लहानपणापासून त्यांना काका म्हणत आलोय.

२०१९ च्या गणपतीत बॉनेट उघडताना पहिल्यांदा करकर ऐकू आली. काका म्हणाले, "दादा, बॉनेट जड झालंय." मी म्हटलं, बघू. नवरात्रात त्यांनी दाखवलं की काचेजवळचा बॉनेटचा डावा कोपरा बोटभर वर राहतोय. मी म्हटलं, दिवाळी होऊ दे. दिवाळीत बॉनेट नुसतं सोडून लागेना, दोन्ही हातांनी आपटावं लागायला लागलं. नोव्हेंबरात आपटूनही लागेना. तेव्हा लग्नसराई सुरू झाली होती, एक दिवस गाडी उभी करणं म्हणजे एका मंडपाचं भाडं बुडणं. मी गोडाऊनमधली तार घेतली, जाळीतून ओवून बंपरला पक्की पीळ मारून बांधली आणि काकांना म्हणालो, "आता महिनाभर बघायला नको." वर शाबासकीही मिळवली. भाऊ म्हणाला, "तू इंजिनियर व्हायला पाहिजे होतास."

महिना पूर्ण झाला नाही. डिसेंबरात एका पहाटे लग्नाचा मंडप उतरवून काका रिकामी गाडी घेऊन घाटकोपरहून मुलुंडला निघाले. ईस्टर्न एक्सप्रेस हायवे पहाटे पाचला मोकळा असतो. विक्रोळी मागे पडली, कांजूरमार्गच्या आसपास तार तुटली आणि बॉनेट उभं राहून पुढच्या काचेवर येऊन आदळलं. काका सांगतात, "दादा, एकदम पडदा पडल्यासारखं झालं. रस्ताच गेला." घाबरून त्यांनी ब्रेक मारला, गाडी उजवीकडे ओढली जाऊन दुभाजकाला घासली. मागून येणारा एक मोटरसायकलवाला आमची गाडी चुकवायला गेला आणि घसरून पडला. तो उठून शिव्या देऊ लागला तेव्हा काकांच्या जिवात जीव आला. शिव्या देतोय म्हणजे जिवंत आहे!

मोटरसायकलवाल्याचं गुडघ्यावर निभावलं. काकांचं उजवं मनगट मोडलं. ते सांधलं, पण पूर्ण वळत नाही. आता ते गाडी चालवत नाहीत, गोडाऊनमध्ये खुर्च्या मोजून घेतात. पंचवीस-तीस वर्षं स्टिअरिंगवर असलेला माणूस. मला ते आजवर एका शब्दाने बोललेले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

गाडी एलबीएस मार्गावरच्या एका जुन्या गॅरेजला ओढून नेली. तिथल्या उस्तादने तुटलेल्या लॉककडे बघितलंसुद्धा नाही. तो सरळ मागे काचेपाशी गेला, डाव्या बिजागरीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "साब, लॉक तो बाद में टूटा. पहले कब्जा मरा."

या एका वाक्यावर मी गेली काही वर्षं विचार करतोय. म्हणून हा लेख.

त्याने समजावलं ते असं. बॉनेट मागे काचेजवळ दोन बिजागऱ्यांवर फिरतं आणि पुढे लॉकमध्ये बसतं. आमची डावी बिजागरी कोरडी पडून गंजली आणि तिची खीळ आखडली. उजवी मात्र नीट फिरत होती. अशा वेळी बॉनेट उघडलं-लावलं की एक बाजू हलते, दुसरी अडते, आणि मधला पत्रा वाकतो. बिजागरीला काही होत नाही, ती लोखंडाची जाड पट्टी. मार पत्रा खातो. असा रोज थोडा थोडा पीळ बसत बॉनेट वाकडं झालं, मग पुढचं टोक लॉकच्या समोर येईना. ते यावं म्हणून आम्ही आपटत राहिलो. आपटून आपटून लॉकचे बोल्ट ढिले झाले, लॉकच जागेवरून सरकलं. लॉकच्या बाजूला एक दुसरा आकडा असतो, पहिलं लॉक निसटलंच तर बॉनेटला चार बोटांवर अडवून धरणारा. बॉनेट वाकडं असल्याने तो आकडा कधी पकडतच नव्हता. त्याची स्प्रिंगही गंजली होती. म्हणजे तार बांधली त्या दिवशी बॉनेटला धरून ठेवणारी तीच एक वस्तू उरली होती.

आणि हवेचा जोर किती असतो याचा मला अंदाजच नव्हता. पुढच्या जाळीतून आत शिरलेली हवा बॉनेटला खालून ढकलते आणि वरून सरकणारी हवा त्याला वर ओढते. हा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ४० च्या वेगाला जेवढा, त्याच्या चौपट ८० ला. गल्लीत, सिग्नलवर, घाटकोपर-अंधेरी लिंक रोडच्या ट्रॅफिकमध्ये सुतळी आरामात टिकते, म्हणून आपल्याला वाटतं की ती चालते. ती चालत नसते, गाडीच चालत नसते! रस्ता मोकळा मिळाला की सुतळीची परीक्षा होते, आणि ती नेमकी नापास व्हायच्या ठिकाणी होते.

हे काही मुंबईतच घडतं असं नाही. अमेरिकेत तर १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून नियम आहे की जे बॉनेट उघडल्यावर ड्रायव्हरची नजर अडवेल त्याला दुसरी पकड हवीच. तरीसुद्धा निसानला आपल्या २०१३ नंतरच्या अल्टिमा गाड्या याच कारणासाठी पुन्हा पुन्हा परत बोलवाव्या लागल्या. दुसऱ्या पकडीचा रंग निघून तिथे गंज धरायचा आणि ती उघड्या स्थितीतच अडकून बसायची. २०२४ मध्ये टेस्लाने १८ लाखांहून जास्त गाड्यांसाठी दुरुस्ती काढली, कारण बॉनेट नीट लागलेलं नाही हे गाडीला कळत नव्हतं. म्हणजे जगातल्या मोठमोठ्या कंपन्या एका आकड्यापायी लाखो गाड्या दुरुस्त करतात, आणि आम्ही तार बांधून शाबासकी घेतो.

आता अपघातानंतर भेटायला आलेल्या मंडळींकडे वळतो. कारण खरा राग मला तिथे येतो.

पहिला गट दृष्टवाल्यांचा. "नवीन ऑर्डरी मिळत होत्या ना, लागली कुणाची तरी." एका नातेवाइकांनी तर दर शनिवारी लिंबू-मिरची बदलता की नाही याची कसून चौकशी केली. बदलत होतो हो! न चुकता. त्या तीन महिन्यांत आम्ही डझनभर लिंबं आणि चांगल्या सात-सात मिरच्या गाडीला खाऊ घातल्या, ग्रीस एक बोटभरही नाही. दृष्ट लागते की नाही यावर मी वाद घालत नाही. पण जी गोष्ट गणपतीपासून डिसेंबरपर्यंत करकरत, कुरकुरत, कोपरा वर करून, आपल्याला स्पष्ट सांगत होती, तिला 'अचानक' म्हणणं हा खोटेपणा आहे. बॉनेट अचानक उघडत नाही. ते आधी परवानगी मागतं, आणि आपण ती देतो.

दुसरा गट जुगाडवाल्यांचा, आणि यात मीही होतो. हल्ली जुगाडाचं फार कौतुक आहे. सुतळी, तार, दाराची कडी, सायकलच्या ट्यूबची पट्टी... आपल्याकडे कशानेही काहीही बांधता येतं, म्हणून आपण हुशार. बॉनेट टेकवायची दांडी मोडली की बांबू लावायचा. (तो बांबू निसटला की खाली ज्याचे हात असतात त्याला विचारा जुगाड म्हणजे काय.) मी म्हणतो, रस्त्यात अडकलात, तार बांधा, गॅरेजपर्यंत हळू या. तिथपर्यंत जुगाड म्हणजे अक्कल. गॅरेजवरून पुढे गेलात की तो जुगाड राहत नाही, ती दुसऱ्याच्या जिवावर केलेली बचत होते. आणि हा 'दुसरा' कोण ते बघा. तार मी बांधली, पैसे माझे वाचले, मनगट काकांचं मोडलं. गाडीत मी नव्हतो. बहुतेक सुतळ्या अशाच असतात, बांधणारा एक आणि त्यामागे बसणारा दुसरा.

तिसरा गट म्हणाला, "जुनी गाडी होती, भंगारात काढायला हवी होती." हे ऐकायला फार शहाणपणाचं वाटतं. २०२१ मध्ये सरकारचं स्क्रॅप धोरण आलं, २०२२ च्या एप्रिलपासून १५ वर्षांवरच्या धंद्याच्या गाड्यांच्या फिटनेसची फी कितीतरी पटींनी वाढली, त्यामुळे आता हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी असतं. ज्या गाडीची चासी सडली आहे, जी काळा धूर ओकते, तिने जावंच. पण गंजलेल्या खिळीला वय कारण नाही. आमच्याच गल्लीत एक जुनी जीप आहे, तिचं बॉनेट एका बोटाने उचललं जातं. कारण तिचा मालक तिच्याकडे बघतो. जी माणसं जुनी गाडी न बघता चालवतात, ती नवीही न बघताच चालवणार. फक्त हप्ते भरत चालवतील.

जीपवरून आठवलं. महिंद्राने १९४७ पासून मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली, पुढे कांदिवलीला कारखाना झाला, आणि आपल्या उपनगरांतल्या कित्येक घरांची चूल त्या जीपच्या नात्यातल्या गाड्यांवर पेटली. त्या जीपच्या बॉनेटला दोन्ही बाजूंना बाहेरून स्प्रिंगचे खटके असायचे. लागलाय की नाही ते चार पावलांवरून दिसायचं, ड्रायव्हरला सीटवरून दिसायचं. नंतरच्या पिकअपमध्ये लॉक जाळीच्या आत गेलं, केबल डॅशबोर्डखाली आली. सोय झाली, दिसायलाही छान झालं. पण जे नजरेआड झालं ते मनातूनही गेलं. छोट्या हत्तीत तर इंजिन सीटखालीच, त्यामुळे नव्या पोरांना बॉनेट म्हणजे हार घालायची जागा एवढंच ठाऊक!

चौथा गट "हे काम आमचं नाही" वाल्यांचा. आणि हाच सगळ्यात मोठा. मालक भाड्याकडे बघतो. ड्रायव्हर रस्त्याकडे बघतो. मिस्त्री इंजिनाकडे बघतो, त्याला बॉनेट म्हणजे उचलून बाजूला करायची अडचण. पेंटर वरच्या रंगाकडे बघतो आणि जाता जाता बिजागरीवरही फवारा मारून तिची खीळ चिकटवून टाकतो. पासिंगला कागद बघतात. धंद्याच्या गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी फिटनेस घ्यावा लागतो. आमच्याही गाडीला होता, अगदी वैध, अपघाताच्या दिवशीसुद्धा. पण पासिंगच्या आदल्या दिवशी आपण काय करतो? गाडी धुतो, रंगाचा हात मारतो आणि सुतळी सोडतो. परत आल्यावर बांधतो. मग फसवलं कुणी कुणाला?

सगळ्यात वाईट बाजू ड्रायव्हरची. त्यालाच करकर आधी ऐकू येते. पण गाडी उभी राहिली तर खाडा त्याचा पडतो, आणि "गाडीत खोट काढतोस" हे वर ऐकायचं. काकांनी मला तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगितलं नाही, कारण तिसऱ्यांदा माझा चेहरा त्यांनी बघितला होता. ज्या धंद्यात ड्रायव्हर चौथ्यांदा सांगायचं सोडून देतो त्या धंद्याची खरी बिजागरी तिथेच आखडलेली असते.

बरं, "परवडत नाही" म्हणणाऱ्यांसाठी आता हिशेब. उस्तादने मला जे शिकवलं ते इथे लिहून ठेवतो. यातलं बहुतेक कुणालाही घरी करता येतं.

सगळ्यात आधी बघणं. गाडी सपाट जागी लावा, बॉनेट लावा आणि समोर उभे राहा. दोन्ही मडगार्डांशी असलेली फट सारखी आहे का? मग ड्रायव्हरच्या सीटवर बसा. काचेजवळचा एखादा कोपरा वर राहिलाय का? राहिला असेल तर तिथलीच बिजागरी आखडतेय असं समजा. स्पीडब्रेकरवरून जाताना पुढून खडखड येते का? येत असेल तर लॉक सैल आहे किंवा बॉनेट ज्यावर टेकतं ते रबराचे गुट्टे गळून पडलेत. केबल ओढताना हाताला खरखर लागते का? लागत असेल तर आतली तार गंजतेय किंवा तिचे धागे तुटताहेत. ती आज ना उद्या बॉनेट बंद असतानाच तुटणार. आताच बदला, स्वस्तात सुटाल.

मग सफाई. काचेखालच्या खोबणीत पानं साठतात. आमची गाडी गुलमोहराखाली उभी असायची. ती बारीक बारीक पानं खोबणीत जाऊन कुजतात, पाणी जायची भोकं बंद करतात आणि पावसाळाभर बिजागरी ओल्या चिखलात बसते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा पाण्यात बुडालेल्या गाड्या आपण सगळ्यांनी पाहिल्या. बिजागरी सडायला एवढं पाणी लागत नाही, मूठभर कुजकी पानं पुरतात. त्यात आपली खारी हवा. पानं काढा, भोकं मोकळी करा, खिळीभोवतीची माती तारेच्या ब्रशने खरवडा, रॉकेल किंवा डिझेलने पुसून घ्या.

बिजागरी आखडली असेल तर जोर लावू नका. हे पुन्हा वाचा. जोर लावलात की पत्रा वाकतो. गंज सोडवणारं पातळ तेल खिळीवर सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी बॉनेट थोडंसं वर, थोडंसं खाली, असं हळूहळू करा. लालसर पाणी बाहेर येईल, ते पुसा, पुन्हा तेल. दोन-तीन फेऱ्यांत सुटते. सुटली की थोडं ग्रीस. थोडंच! थापलंत तर धूळ चिकटून त्याचीच लेपी होते. लॉकला आणि दुसऱ्या आकड्यालाही ग्रीस, केबलच्या नळीत वरून तेलाचे चार थेंब. आणि एक लक्षात ठेवा, प्रेशरच्या पाण्याने गाडी धुतली की उरलंसुरलं वंगणही धुऊन जातं. म्हणजे दसऱ्याला आपण गाडी धुऊन हार घालतो त्या दिवशी बिजागरी वर्षातली सगळ्यात कोरडी असते.

लॉक तपासायची युक्ती मला फार आवडली. बॉनेट उघडं ठेवायचं, स्क्रूड्रायव्हरची दांडी लॉकमध्ये वरून दाबायची, म्हणजे लॉकला वाटतं बॉनेट लागलं. खट आवाज येऊन त्याने घट्ट धरलं पाहिजे. मग आत जाऊन केबल ओढायची, झटकन सुटलं पाहिजे. (सोडवल्याशिवाय बॉनेट आपटू नका, नाहीतर नवीन काम.) दुसरा आकडा बोटाने ढकलून सोडा, स्प्रिंगने तो स्वतः परत आला पाहिजे. रेंगाळला तर साफ करून वंगण द्या, तरीही रेंगाळला तर बदला. तिथे दया नको.

फट वाकडी असेल तर बिजागरीचे बोल्ट ढिले करायच्या आधी पेन्सिलीने तिच्या कडेने रेघ मारा, म्हणजे मूळ जागा हरवत नाही. दोन माणसं लागतात, एकट्याने हा उद्योग नको. बोल्ट काढायचे नाहीत, फक्त सैल करायचे, बॉनेट केसभर सरकवायचं, आवळायचं, हळूच लावून बघायचं. लॉकची जागा सगळ्यात शेवटी. खिळीचं भोक खाऊन लांबट झालं असेल तर वॉशर कोंबत बसू नका, बिजागरीच बदला. कुर्ल्याच्या बाजारात जुन्या गाड्यांच्या मिळतात, पण घेताना हातात धरून हलवून बघा, डुगडुगली तर परत ठेवा. आणि बिजागरीला वेल्डिंग मारून 'पक्कं' करणाऱ्या माणसाकडे पुन्हा जाऊ नका.

आणि एवढं करूनही कधी चालत्या गाडीचं बॉनेट उघडलंच तर? करकचून ब्रेक मारायचा नाही. स्टिअरिंग आहे तसं सरळ धरायचं, वेग हळूहळू कमी करायचा, चारही दिवे लावायचे. बॉनेट आणि डॅशबोर्डच्या मधल्या फटीतून खाली वाकून किंवा बाजूच्या खिडकीतून बघत डावीकडे घ्यायचं. हे काकांना कुणी सांगितलं नव्हतं. मलाही ठाऊक नव्हतं. लायसन्स दोघांकडेही होतं.

या सगळ्याला खर्च किती? वंगणाचा छोटा डबा, एक ब्रश, जुनं फडकं आणि वर्षातून चारदा अर्धा तास. दसऱ्याच्या आदल्या दिवशी दादरला झेंडूचा भाव विचारून या, मग मला सांगा काय परवडत नाही ते.

असो. फार रागावून लिहिलं. पण हा राग निम्माअधिक स्वतःवरच आहे, त्यामुळे चालेल.

गल्लीतल्या त्या चौथ्या पिकअपवाल्याला मी ही सगळी गोष्ट सांगितली. तो ऐकत होता, पण त्याच्या नजरेत 'हे साहेब आता जातील तर बरं' असं स्पष्ट दिसत होतं. मी गेलो. गोडाऊनवर आमच्या आताच्या गाडीची पूजा होती. ही पद्धत आम्ही २०२० पासून सुरू केली आहे: आधी बॉनेट उघडायचं. काका स्टूल घेऊन उभे राहतात, डाव्या हाताने दोन्ही बिजागऱ्यांवर तेल सोडतात, नव्या ड्रायव्हरला बॉनेट वर-खाली करायला सांगतात आणि कान देऊन ऐकतात. आवाज आला नाही की मान हलवतात. मग हळद, कुंकू आणि हार.

यंदा उजवीकडून बारीकशी कुरकुर आली. नवीन ड्रायव्हर पोरगा माझ्याकडे बघून म्हणाला, "दादा, उद्या सकाळी भाडं आहे, परवा करू का?"

भाऊने फोन काढला आणि सकाळची गाडी भाड्याने दुसरीकडून मागवली. हार तसाच टोपलीत राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी बिजागरी सुटल्यावर घातला. झेंडू थोडा सुकला होता, पण चालतं.